मंगरू गुरुजींची हंगेरियन बाराखडी

त्या वर्षी पोळ्यानंतर आमच्या घरी सकाळी कोंबड्याआधी मामाजी आरवायला लागले. मामाजी म्हणजे माझे सासरे, मंगरू गुरुजी. मी इकडे डब्याच्या पोळ्या लाटत असायची, कामावर जायची तुमसरची बस चुकायची धास्ती मानेवर बसलेली, आणि ओसरीतून सुरू व्हायचं, "ऑ... आ... ॲ... ए..." मग जरा शांतता. मग ओठांचा चंबू करून काढलेला असा एक सूर, की गोठ्यातली म्हैससुद्धा चघळायची थांबून त्या दिशेला बघायची.

एकदा शेजारचे बाबूलालभाऊ घाबरे होऊन मागच्या दाराने आले.

"वहिनी, गुरुजीले लकवा त नाही मारला ना जी? तोंड वाकडं करून बसले हायेत ओसरीत."

"नाही जी, हंगेरियन शिकून राहिले ते."

"ते काय असते?"

"भाषा. दीपमालाताईच्या सासरची."

"आन ते बोलून तोंड असं होते?" बाबूलालभाऊंनी पुन्हा एकदा ओसरीकडे डोकावून पाहिलं आणि मान हलवत निघून गेले. संध्याकाळपर्यंत अख्ख्या आंबागडात झालं की गुरुजींची तब्येत बरी नाही. दोघी-तिघी तर भेटायला म्हणून येऊन गेल्या. चहा कोणी केला? मी.

मामाजींचं सगळं आयुष्य पहिलीच्या वर्गात गेलं. बढती आली तरी घेतली नाही. पहिली म्हणजे पाया, तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. आणि पाया म्हणजे अक्षर. अक्षर पक्कं झाल्याशिवाय शब्द नाही, शब्द पक्का झाल्याशिवाय वाक्य नाही. इतर गुरुजींची पोरं दिवाळीपर्यंत धडाधडा कविता म्हणायची. मामाजींची पोरं तेव्हा 'ण' आणि 'न' वेगळे करत बसलेली असायची. पण त्यांच्या हातून गेलेल्या पोराचा उच्चार पुढे कुठे अडला नाही, हेही खरं. अजूनही तुमसरच्या बाजारात एखादा पोट सुटलेला माणूस वाकून पाया पडतो आणि म्हणतो, "गुरुजी, जय भीम, तुमच्या 'ळ'नं नोकरी लागली."

या शुद्ध उच्चाराचा मला आलेला अनुभव मात्र वेगळा आहे. मी बपेऱ्याची. आमचं गाव मध्य प्रदेशाला टेकलेलं, बोलण्यात अर्धी हिंदी. मला पाहायला ही मंडळी आली तेव्हा मी ट्रे पुढे केला आणि म्हटलं, "पानी घ्या जी." सगळ्यांनी पेले उचलले. मामाजींनी नाही उचलला. म्हणाले, "पाणी. ण. जीभ टाळूला लावून. पुन्हा म्हण." भर बैठकीत, माझ्या बापासमोर, बी.एस्सी. झालेल्या मुलीला! मी म्हटलं, "पाणी." मग ते प्यायले. ते स्थळ मी तिथेच मोडलं असतं, पण मुलगा, संघपाल, मला आवडून गेला होता. लग्नानंतर मी मामाजींसमोर कामापुरतंच बोलायची. जे बोलायची ते तोलून मापून, पुस्तकातलं. त्या घरात सगळेच तसे बोलायचे. संघपाल खाणीतून येताना फाटकाबाहेर मित्राशी "काहून बे" करायचा आणि फाटकाच्या आत पाय पडला की त्याचं 'का रे' व्हायचं. फक्त आत्याबाई, माझ्या सासूबाई, शेवटपर्यंत आपल्या बोलीत बोलल्या. त्यांच्या बोलण्याला हात लावायची मामाजींची हिंमत झाली नाही.

त्यांनीच मला एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं होतं. मामाजी शिक्षकाचा कोर्स करायला गेले, तेव्हा तिथल्या एका सरांनी त्यांना वर्गात उभं केलं आणि 'पाणी' म्हणायला लावलं. हे म्हणाले 'पानी'. पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा 'पानी'. सर म्हणाले, "तुम्हा लोकांना पाणी मिळालं, पण 'ण' काही मिळाला नाही." वर्ग खो खो हसला. "तवापासून वं माय," आत्याबाई म्हणाल्या, "तहान लागून जीव चालला तरी ह्या मानसानं कोनाले पानी नाही मांगलं. तो शब्द तोंडातून काढा लागन म्हनून." सुट्टीत गावी आले की तलावाच्या पाळीवर एकटे बसून 'ण, ण' करायचे. ते सर कोण होते कोण जाणे, पण त्यांच्या त्या एका वाक्यानं आमच्या घरातल्या दोन पिढ्यांची तोंडं बांधली, असं मला आजही वाटतं आणि आजही संताप येतो.

तर दीपमालाताई. माझी नणंद. शिष्यवृत्ती मिळवून हंगेरीत शिकायला गेली, डेब्रेत्सेन नावाच्या शहरात औषधांच्या प्रयोगशाळेत लागली, आणि तिथल्याच बालाझशी लग्न केलं. मामाजींनी त्याला काही म्हणून हरकत घेतली नाही. उलट तिकडे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात हे कळल्यावर म्हणाले, "शिस्तीचे लोक दिसतात." त्यांना मुलगी झाली, झोफी. पोरगी सात वर्षांची होत आली तरी आजोबांना प्रत्यक्ष भेटली नव्हती. तिला हंगेरियन येतं, थोडं इंग्रजी येतं, मराठीचं नाव नाही. ताईनं पोळ्याच्या सुमाराला कळवलं की डिसेंबरात ती झोफीला घेऊन येणार आहे.

मामाजींनी त्याच आठवड्यात तुमसरला जाऊन हंगेरियन मुळाक्षरांचा तक्ता छापून आणला. ओसरीच्या भिंतीवर त्यांनी पूर्वी गावातल्या पोरांच्या शिकवणीसाठी एक मोठा काळा चौकोन रंगवलेला आहे. त्यावर तक्ता उतरवला. चव्वेचाळीस अक्षरं. स्वर हवे तेवढे: ऱ्हस्व, दीर्घ, डोक्यावर रेघ असलेले, दोन टिंबं असलेले, टिंबांच्या जागी दोन तिरप्या रेघा असलेले. मामाजी पहिल्या दिवशी खुशीत होते. म्हणाले, "अपेक्षा, बघ, आपल्यासारखीच ऱ्हस्व-दीर्घाची जोडी आहे. याची तर बाराखडी होते!" आणि खरंच त्यांनी 'क'ची हंगेरियन बाराखडी करून लिहिली. जगात दुसऱ्या कोणी ती केली असेल असं मला वाटत नाही.

खुशी आठवडाभर टिकली. मग अक्षरं अंगावर यायला लागली. एस लिहायचं आणि 'श' म्हणायचं. 'स' पाहिजे असेल तर एसला झेड जोडायचा. "एक साधा 'स' लिहायला दोन अक्षरं?" मामाजी भिंतीशी भांडायचे. एल आणि वाय जोडला की 'य'. मग एल कशाला? सी मात्र त्यांना एका झटक्यात जमला, कारण तो आपल्या चुलीतला 'च', चिमणीतला नव्हे. त्या दिवशी त्यांनी स्वतःहून मला चहा करून दिला. पण झोफीच्या नावातलं पहिलंच अक्षर आपल्याकडे नाही. ते 'ज' नाही, 'झ' नाही, 'श'ही नाही. तिघांच्या मधे कुठेतरी जीभ अधांतरी ठेवायची. त्यात मामाजींची कवळी. ते अक्षर आलं की वरची कवळी सुटायची, शिट्टी वाजायची, आणि मामाजी ती काढून पाण्याच्या वाटीत टाकून बोळक्या तोंडानं पुन्हा सुरू करायचे. दोन टिंबांच्या स्वराला ओठ शिट्टीसारखे करून आतून 'ई' म्हणायचं असतं. मोबाइलमधली बाई ते हसत हसत म्हणायची. मामाजी घामाघूम व्हायचे.

आणि सगळ्यांत वाईट ते जी आणि वाय जोडलेलं. ना 'ग', ना 'द', ना 'ज'. 'द्य' म्हणावं तर जवळ जातं, पोचत नाही. तिकडे आजोबांना 'नॉद्यॉपॉ' म्हणतात, आणि बरोबर मधे हे अक्षर. म्हणजे नातीचं नाव घेता येत नाही आणि स्वतःचंही घेता येत नाही. मी म्हटलं, "मामाजी, अक्षरं राहू द्या. मोबाइलमध्ये वाक्यं आहेत. कशी आहेस, जेवलीस का, एवढी चार शिका."

"कच्च्या पायावर भिंत उभी राहत नाही."

"तिला भिंत नको आहे, आजोबा पाहिजेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू उचलला. मी पोळपाट आपटून आत गेले.

दर रविवारी दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर ताठ बसायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. झोफी दिसली की हात वर करायचे. तीही हात वर करायची. मग एकमेकांकडे बघत बसायचे. "बोलेन तर शुद्ध बोलेन," हे त्यांचं ठरलेलं. मी मागे उभी राहून दात खायची. म्हटलं, निदान जय भीम तर म्हणा! तर म्हणाले, तिला ते कळणार नाही. पुढे पुढे पोरगी हात वर करायची आणि लगेच खेळायला पळायची.

दिवाळीच्या सुट्टीत ताईनं मला एकटीला फोन केला. माझ्याशी ती आपल्या बोलीत बोलते, चोरून बोलल्यासारखी.

"वहिनी, झोफी विचारत होती, आजोबा मुके हायेत का म्हनून."

मला हसूही आलं आणि डोकंही फिरलं. म्हटलं, "ताई, तुमी पोरीले मराठी काहून नाही शिकवली? एवढा कुटानाच नसता झाला."

मग म्हणाली, "शिकवली असती त ती चुकली असती ना. अन बाबांनी तिच्या चुका काढल्या असत्या. मी लहानपनी जेवताना बी भीत भीत भाजी मांगो. मले नाही पाहावलं असतं ते माह्या पोरीचं."

हे मला मनात ठेवता आलं असतं. पण माझा स्वभाव तसा नाही. त्याच दिवशी जेवताना मी मामाजींना दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. नात तुम्हाला मुकं समजते, आणि मुलीनं मराठी का शिकवली नाही तेही. संघपाल मला डोळ्यांनी दाबत होता. मामाजींनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"म्हणूनच," ते हळूच म्हणाले, "म्हणूनच मी शिकतो आहे. माझ्या उच्चारात चूक काढायला तिला जागाच ठेवणार नाही."

भिंतीशी बोललेलं बरं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तास वाढवले.

डिसेंबर लागल्यावर एकदाचं त्यांचं मन एका वाक्यावर आलं. ताईनंच ते कधीतरी सांगितलं होतं: पाहुणा आला की तिकडे म्हणतात, 'इश्तॅन होझोत्त'. यात अवघड अक्षर एकही नाही. मामाजींनी ते असं घोटलं की मोबाइलमधल्या बाईचा आवाज आणि यांचा आवाज वेगळा करता येईना. कवळीसुद्धा जागेवर राहायची. मला वाटलं, सुटलो! पोरगी दारात आली की हे एवढं म्हणतील, पुढचं पुढे.

येण्याच्या दोन दिवस आधी ते मला म्हणाले, "याचा शब्दशः अर्थ काय, विचारून घे." अर्थ ठाऊक असल्याशिवाय ते काही बोलत नाहीत. मी ताईला मेसेज केला. उत्तर आलं: देवानं आणलं तुला.

मामाजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"हे मी म्हणणार नाही."

"मामाजी, ते नुसतं 'या, बसा' सारखं आहे. कोणी अर्थ बघत नाही. लोक 'अरे देवा' म्हणतात, तसं."

"आपण म्हणत नाही."

हे मात्र खरं. आमच्या घरात दूध उतू गेलं तरी 'अरे देवा' कोणी म्हणत नाही. मामाजींच्या वडिलांनी छप्पन सालानंतर घरातले देव काढले, ते तोंडातूनही काढले. ते मला पटतं, मीही त्याच घरातली आणि तशाच माहेरची. पण म्हणून सात वर्षांच्या पोरीशी काहीच बोलायचं नाही? मी म्हटलं, "मग दुसरं वाक्य घ्या, देव नसलेलं." ते म्हणाले, "आता वेळ नाही. अजून जी-वायच कच्चा आहे." मी हातातला झारा मोरीत फेकला. त्याचा दांडा अजून वाकडाच आहे.

नागपूरहून गाडी आली. जावयांना सुट्टी मिळाली नव्हती, ताई आणि झोफी दोघीच उतरल्या. पोरीच्या दोन वेण्या, रंग ताईचा, डोळे बापाचे. मामाजी फाटकात उभे होते, त्याच इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांचे ओठ हलले. मी जीव मुठीत धरून बघत होते. त्यांनी हात वर केला. झोफीनंही हात वर केला. मग ती पुढे आली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन थोपटला, आजारी माणसाचा थोपटतात तसा.

दिवसभर तेच चाललं. ती सगळ्यांशी तोंडानं आणि मामाजींशी हातवाऱ्यांनी. पाच बोटं तोंडाशी नेऊन विचारायची, जेवलात? गालाखाली तळवा ठेवून विचारायची, झोपायचं का? तेही हातानंच उत्तर द्यायचे. गावातली पोरं बघून हसायला लागली. आयुष्यभर ज्यांनी गावाला बोलायला शिकवलं, त्या माणसाला त्याच्याच ओसरीत मुकं होऊन बसलेलं बघून मला रडू येत होतं. त्याहून जास्त राग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ताई आत चहा घेत होतो, तेव्हा ओसरीतून पोरीचा आवाज आला. तिला भिंतीवरची अक्षरं दिसली होती. तिची अक्षरं, आंबागडच्या भिंतीवर! बोटानं एकेक गिरवत ती गाण्यासारखी म्हणत होती. मग तिनं कोपऱ्यातली मामाजींची बांबूची छडी उचलली, पहिल्या अक्षरावर टेकवली आणि मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आपल्या ओठांवर बोट ठेवून मोठ्ठा आ केला. मुक्या माणसाला आवाज काढायला शिकवतात, तसा.

"ऑ," मामाजी म्हणाले.

"इगॅन!" ती टाळ्या पिटून म्हणाली. म्हणजे हो. ताई आणि मी दाराशी येऊन उभ्या राहिलो.

छडी पुढे सरकत गेली. मामाजी उभे राहून एकेक म्हणत होते, वर्गातल्या पोरासारखे. सी आला, 'इगॅन'. दोन टिंबं आली, घाम आला, दोनदा चुकलं, 'इगॅन'. मग छडी जी-वायवर गेली.

"द्य," मामाजी म्हणाले.

"नॅम," झोफी म्हणाली. नाही.

"ग्य."

"नॅम." तिनं स्वतः म्हणून दाखवलं, हळू, तोंड उघडून. छडी टकटक वाजवली.

"द्... ग्..."

"नॅम. नॅम." ती हसत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की हे अक्षर आलं की आजोबा बोलतील. ती सोडेना. म्हणायला लावायची, नॅम म्हणायची, पुन्हा म्हणायला लावायची. ताई पुढे जायला निघाली, मी तिचा हात धरला. म्हटलं, "राहू द्या." माझ्या डोळ्यांसमोर तो ट्रे होता. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी बरं वाटत होतं.

मामाजींची कवळी सुटली. त्यांनी ती बाहेर काढली. "नॅम," पोरगी म्हणाली, आणि मामाजींनी हातातला खडू भिंतीवर फेकला.

"नाही येत मले!" ते ओरडले. "काय करू? माही जीभच नाही वळत तठी! चार महिने झाले, मरून राहिलो मी याच्या मांगं! नाही येत त नाही येत!"

मी त्या घरात नांदायला आल्यापासून त्यांच्या तोंडून 'मले' ऐकलं नव्हतं. ताईनं जन्मात ऐकलं नव्हतं. मला वाटलं, पोरगी आता भोकाड पसरणार.

झोफीच्या हातातली छडी खाली पडली. ती डोळे फाडून त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग आत धावत आली, आईच्या कमरेला धडकली.

"ऑञॉ! नॉद्यॉपॉ बॅसेल!"

"काय म्हणते?" मी विचारलं.

पदर नव्हता म्हणून ताईनं बाहीनंच डोळे पुसले. "म्हनते, आई, आजोबा बोलतात."

पोरगी तोवर परत ओसरीत पोचली होती. मामाजी बाकावर बसले होते, कवळी मुठीत. ती त्यांच्या गुडघ्यांशी उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत, जिभेवर एकेक शब्द तोलत म्हणाली, "नाई येट मले."

साफ चुकीचं. 'ही' नाही, 'त' नाही. मामाजींनी तोंड उघडलं. मी त्यांना ओळखते, दुरुस्ती ओठांवर आलेली मला दिसली. ताई माझा हात आवळून उभी होती. मामाजींनी पोरीकडे बघितलं, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"हो वं माय," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "मले बी नाही येत."

"मले बी!" झोफी ओरडली आणि त्यांच्या मांडीवर चढून बसली.

माझा राग गेला, असं नाही. आम्हाला एवढी वर्षं टाळूला जीभ लावायला लावली आणि हिला एका सकाळी सगळं माफ! हे मी त्यांना कधीतरी ऐकवणार होते. त्याच वेळी ऐकवायचं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात त्यांनी मान वर करून मला हाक मारली.

"अपेक्षा, पानी आन वं. घसा सुकून राहिला."

मी पेला भरून नेऊन दिला.